दोन घेतली, एक सोडलं: जुन्या कपाटांच्या निवडीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

नवरा-बायको, नवऱ्याची आई आणि दोन वर्षांचं मूल असं चौघांचं कुटुंब. घर दुसऱ्या मजल्यावर, भिंतीत एकही कपाट नाही. आधीच्या घरातली चिपबोर्डची कपाटं वाकली होती, बिजागऱ्या भोकांसकट उपटून आल्या होत्या. त्यामुळे या वेळी भरीव लाकडाचं जुनं फर्निचरच घ्यायचं, असं घरात ठरलं. निर्णय चांगला होता. भरीव लाकूड आणि सरसाने जोडलेले सांधे पुन्हा उघडून दुरुस्त करता येतात. चिपबोर्डच्या बाबतीत ती सोय नसते.

एकाच विक्रेत्याकडे त्यांना तीन वस्तू आवडल्या:

- दोन दारांचं उंच कपाट, वर कंगोऱ्यांची चौकट आणि तळाशी एक रुंद ड्रॉवर. विक्रेत्याच्या म्हणण्याप्रमाणे 1800 च्या सुमाराचं.
- काचेच्या दारांची पुस्तकांची मांडणी, खाली तीन ड्रॉवर. "एकाच हातचं, 18 व्या शतकातलं" असं वर्णन.
- पाच ड्रॉवरचं बुटकं, साधं कपाट. त्याच्या वयाबद्दल कुणीच काही बोललं नव्हतं.

तिन्ही वस्तू एकदम घेतल्या तर सवलत मिळणार होती. घरच्यांचा जीव काचेच्या मांडणीवर जडला होता.

अडचण नेमकी काय होती

"कपाट हवं" यापलीकडे गरज ठरलेली नव्हती. जुन्या कपाटांच्या खरेदीत सगळ्यात जास्त फसगत इथेच होते, कारण ही कपाटं त्यांच्या काळातल्या सामानाच्या मापाने बनलेली असतात. कपडे घडी घालून किंवा खुंटीला अडकवून ठेवायच्या काळातलं कपाट हँगरच्या मापाचं असेलच असं नाही.

म्हणून आधी सामान मोजलं. हँगरचे कपडे एका दांडीवर दाटीने लावले, तर 1.6 मीटर जागा लागत होती. पुस्तकं एका ओळीत 9 मीटर भरली. घडीचे कपडे, पांघरुणं आणि मुलाचं सामान ड्रॉवरमध्ये जाणार होतं. कागदपत्रांच्या मोठ्या फायली 32 सेंटीमीटर उंच होत्या.

मग घर मोजलं. खोलीचं दार उघडं असताना मोकळी रुंदी 76 सेंटीमीटर, छताची उंची 245 सेंटीमीटर. उंच कपाटाची उंची 238 आणि खोली (पुढून मागे) 56. नुसती उंची पाहिली तर ते सहज मावतं. पण आडवं आणलेलं कपाट उभं करताना त्याचा कर्ण फिरतो. 238 आणि 56 यांचा कर्ण साधारण 244.5 सेंटीमीटर येतो, म्हणजे छताखाली जेमतेम अर्धा सेंटीमीटर उरतो. प्रत्यक्षात ते छताला घासलंच असतं. हा हिशेब अनेक जण करत नाहीत आणि मग कपाट खोलीत तिरकं अडकतं.

तपासणी

क्रम मुद्दाम उलटा ठेवला: आधी पाठ, मग बूड, मग ड्रॉवरच्या आतल्या बाजू आणि सर्वांत शेवटी दर्शनी भाग. पुढचा भाग पॉलिशने सजवता येतो. पाठ आणि बूड सजवायच्या भानगडीत सहसा कुणी पडत नाही, त्यामुळे खरं तिथे दिसतं. हत्यारं साधी होती: टॉर्च, हातआरसा, लोहचुंबक, टेप आणि बारीक सुई.

*उंच कपाट.* पाठीच्या फळ्यांवर करवतीच्या खुणा कमानीसारख्या वळलेल्या होत्या. त्या गोल पात्याच्या करवतीच्या. हाताने ओढायच्या करवतीच्या खुणा सरळ, समांतर आणि थोड्या कमी-जास्त अंतराच्या असतात. गोल करवत 19 व्या शतकात हळूहळू सर्रास झाली. एका बिजागरीचा स्क्रू काढून पाहिला, तर तो टोकदार निघाला. टोकदार स्क्रू यंत्रावर बनू लागले ते 1840 च्या दशकात. त्याआधीच्या स्क्रूंचं टोक बोथट असायचं. तळाच्या ड्रॉवरचे डव्हटेल जोड, म्हणजे शेपटीसारख्या पसरट खुंट्या खाचांत गुंतवलेले सांधे, एकसारख्या रुंदीचे, एकसारख्या अंतराचे होते आणि आखणीची रेघ कुठेही नव्हती. हे यंत्राचं काम. सगळं जमवून पाहता कपाट 19 व्या शतकाच्या अखेरीचं ठरत होतं, म्हणजे सांगितलेल्या वयापेक्षा बरंच तरुण.

पण त्याच तपासणीत दुसरी गोष्टही दिसली: कपाट मूळचंच, एकसंध होतं. बिजागऱ्यांखाली भोकांचा एकच संच होता. कुलपाची खाच आणि कुलूप एकमेकांना बरोबर बसत होतं. ड्रॉवरच्या पुढच्या फळीला आतून जितकी भोकं होती, तितकीच बाहेरून, म्हणजे मुठी कधी बदललेल्या नव्हत्या. उघडं लाकूड आतून सगळीकडे सारखंच रापलेलं होतं. वरची चौकट, दोन्ही बाजू, पाठ आणि बैठक लाकडी पाचरींवर सुटी होत होती, म्हणजे ते मुळातच खोलून नेण्यासाठी बनवलेलं होतं. कर्णाचा प्रश्न तिथेच सुटला.

दोष एकच, पण महत्त्वाचा: डाव्या दाराच्या दिलह्याला (चौकटीत बसवलेल्या मधल्या फळीला) वरपासून खालपर्यंत तडा. कारण चौकटीच्या खाचेतच सापडलं. पूर्वीच्या कुणीतरी दिलहा खडखडू नये म्हणून दोन्ही कडांना खिळे मारले होते. दिलहा खाचेत सुटा ठेवतात, कारण लाकूड रुंदीत फुगतं आणि आकसतं, लांबीत जवळपास नाही. 42 सेंटीमीटर रुंदीचा भरीव दिलहा दमट आणि कोरड्या ऋतूंमध्ये लाकडाच्या जातीप्रमाणे साधारण 3 ते 6 मिलिमीटर बदलू शकतो. दोन्ही कडा जखडल्या की आकसताना त्याला फाटण्यावाचून मार्ग उरत नाही.

*काचेची मांडणी.* वरचा आणि खालचा भाग वेगळा केल्यावर खरं कळायला फार वेळ लागला नाही. खालच्या कपाटाचा माथा संपूर्ण पॉलिश केलेला होता. वरचा भाग कायम त्यावर बसणार असता, तर जी जागा कधी दिसणारच नाही तिथे पॉलिश करायचे कष्ट कोणी घेतले नसते. म्हणजे खालचा भाग कधीकाळी स्वतंत्र होता. वरच्या भागाची पाठ अरुंद, यंत्राने रंधलेल्या, एकमेकींत अडकणाऱ्या पट्ट्यांची होती. खालच्या भागाची रुंद, हाताने कापलेल्या फळ्यांची. काचाही आरशासारख्या सपाट होत्या. जुन्या काचेतून पलीकडची सरळ रेघ लहरत दिसते. तरंग नसलेली फ्लोट काच पिल्किंग्टन कंपनीने जाहीर केली ती 1959 मध्ये. काच बदलणं हा काही गुन्हा नव्हे, फुटलेली काच बदलावीच लागते. पण दोन वेगळ्या वस्तू जोडून "एकाच हातचं" म्हणून विकणं चूक आहे, आणि किंमतही त्याच नावाखाली लावलेली होती.

*बुटकं कपाट.* दिसायला सर्वांत साधं, सांध्यांत सर्वांत चोख. ड्रॉवरचे डव्हटेल हाताने कापलेले, खुंट्या निमुळत्या आणि थोड्या विषम, बाजूच्या फळीवर आखणीची बारीक रेघ अजून स्पष्ट. पण ड्रॉवरच्या तळांना आणि पाठीला दीड-दोन मिलिमीटरची गोल भोकं होती. ही लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याची बाहेर पडायची दारं. भोकं असणं आणि कीड जिवंत असणं यांत फरक आहे. जुन्या भोकाची कड मळलेली आणि आतलं लाकूड गडद असतं. नव्याची कड धारदार, आत फिकट. इथे दोन्ही प्रकार होते. सुई घातल्यावर काही भोकांतून फिकट भुसा आला. सगळी भोकं बाहेरच्या पांढरट, कोवळ्या लाकडाच्या पट्ट्यांत होती, गाभ्याच्या गडद लाकडात एकही नव्हतं. त्यामुळे मजबुतीची चिंता नव्हती. कीड मात्र संपवावी लागणार होती.

पर्यायांचा विचार

काचेची मांडणी घ्यायची की नाही, यावर सर्वाधिक चर्चा झाली. जोडलेली वस्तू वापरायला वाईट असतेच असं नाही. योग्य किंमतीला ती घ्यायलाही हरकत नसते. पण इथे उपयोगाचा हिशेबच जुळत नव्हता. चार फळ्या, प्रत्येकी 105 सेंटीमीटर, म्हणजे 9 मीटर पुस्तकांसाठी जेमतेम 4.2 मीटर जागा. फळ्या 2 सेंटीमीटर जाड आणि मध्ये आधार नाही. पुस्तकांच्या एका मीटरचं वजन सहज 25 ते 30 किलो भरतं. अशा समान भाराखाली फळीचा झोल लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. मधोमध एक उभा आधार दिला, तर झोल साधारण सोळाव्या हिश्श्यावर येतो. पण तो आधार दिल्यावर काचेमागची शोभा गेली असती, आणि वस्तू घ्यायची ती शोभेसाठीच होती.

शेवटी पुस्तकांसाठी भिंतीला नव्या, उघड्या, साध्या फळ्या लावायचं ठरलं. घरातली प्रत्येक साठवणीची वस्तू जुनीच हवी हा हट्ट सोडला, की जुन्या वस्तूंची निवड जास्त नेटकी होते.

उंच कपाटाबद्दल उलटा प्रश्न होता: वय खोटं निघालं, मग घ्यायचं का? घ्यायचं ठरलं, आणि हा या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय. घरात वापरायच्या कपाटासाठी पाऊणशे-शंभर वर्षं कमी-जास्त असण्यापेक्षा ते मूळचं, एकसंध असणं जास्त मोलाचं. विक्रेत्यासमोर टोकदार स्क्रू आणि करवतीच्या खुणा ठेवल्यावर पावतीवर "19 व्या शतकाची अखेर" असं लिहून मिळालं आणि किंमतही त्याप्रमाणे बदलली.

बुटकं कपाट किडीवर उपचार करण्याच्या अटीवर घेतलं.

हँगरचा पेच

उंच कपाटाची आतली मोकळी खोली 48 सेंटीमीटर होती. हँगर स्वतः 42 ते 45 सेंटीमीटरचा, त्यावर कोट किंवा जाड सदरा चढला की 55 ते 58 लागतात. आडवी दांडी लावली असती तर दारं लागताना बाह्या चुरगळल्या असत्या.

सुताराने सुचवलं की पाठ काढून 8 सेंटीमीटर मागे सरकवू. घरच्यांना ते पटलंही होतं. पण त्यासाठी दोन्ही बाजूंना लाकूड जोडावं लागलं असतं, बैठक आणि वरची चौकट कापावी लागली असती, आणि ज्या एकसंधपणासाठी कपाट घेतलं तोच गेला असता. कापलेलं पुन्हा जोडलं तरी ते मूळचं राहत नाही.

त्याऐवजी दांडीची दिशा बदलली. पुढून मागे जाणाऱ्या 44 सेंटीमीटरच्या आखूड दांड्या आणि हँगर दर्शनी बाजूला तोंड करून. आतली रुंदी 118 सेंटीमीटर असल्याने दोन रांगा शेजारी-शेजारी बसतात. डावीकडे लांब कपड्यांसाठी एक दांडी, उजवीकडे आखूड कपड्यांसाठी खाली-वर दोन. एकूण 1.32 मीटर. गरज 1.6 ची होती. उरलेले कपडे घडी करून ड्रॉवरमध्ये गेले.

दांड्या कपाटाला लावल्याच नाहीत. कपाटाच्या आत उभी राहणारी सुटी लोखंडी चौकट बनवली, सुटे भाग दारातून आत नेऊन तिथेच जोडली. खाली 12 मिलिमीटर प्लायवुडचा तुकडा नुसता ठेवला, म्हणजे चारही पायांचा भार तळाच्या एकाच फळीवर येत नाही. जुन्या लाकडात एकही नवं भोक पडलं नाही.

दुरुस्ती आणि उपचार

दिलह्याच्या तड्यात इपॉक्सी भरण्याचा प्रस्ताव होता. इपॉक्सी भरून खिळे तसेच ठेवले असते, तर पुढच्या कोरड्या ऋतूत शेजारी दुसरा तडा गेला असता. आधी खिळे काढले, दिलहा खाचेत मोकळा केला, तडा गरम सरसाने जोडला आणि वर-खाली फक्त मधोमध एकेक बारीक चूक (छोटा खिळा) ठेवली. त्यामुळे लाकूड दोन्ही बाजूंना सारखं हलू शकतं. सरस निवडायचं कारण साधं: उष्णता आणि ओलाव्याने तो पुन्हा सोडवता येतो.

पॉलिश काढलं नाही. मागच्या बाजूला स्पिरिटचा बोळा लावल्यावर थर चिकट झाला, म्हणजे ते लाखेचं पॉलिश होतं. लाखेवर लाख नीट धरते, त्यामुळे घासून कोरं करायची गरजच नव्हती. धूळ काढून, विरलेल्या जागी पातळ हात देऊन वर मेण लावलं.

बुटक्या कपाटाच्या किडीसाठी बोरेटचा (कीड मारणाऱ्या क्षाराचा) द्राव हा पहिला विचार होता. तो उघड्या लाकडात मुरतो, पण पॉलिशखाली पोचत नाही. म्हणून गोठवण्याचा मार्ग घेतला: कपाट आणि ड्रॉवर प्लास्टिकमध्ये हवाबंद गुंडाळून शीतगृहात उणे 20 अंशांवर दोन आठवडे. बाहेर काढल्यावर प्लास्टिक लगेच सोडायचं नाही. लाकूड खोलीच्या तापमानाला आल्यावरच सोडायचं, नाहीतर गार लाकडावर दव धरतं. नंतर जुनी भोकं रंगीत मेणाने बुजवली. ही नुसती सजावट नाही: भोकं बुजवलेली असली की नवं भोक पडल्याबरोबर कळतं.

या कपाटाच्या आतल्या बाजूला जुन्या पांढऱ्या रंगाचे थर होते. चाचणीत शिसं निघालं. घरात लहान मूल असताना असा रंग कोरडा घासणं म्हणजे विषारी धूळ घरभर करणं. तो ओला ठेवून खरवडला, तेही घराबाहेर, आणि भुगा बांधून वेगळा टाकला.

ड्रॉवरना आतून वार्निश लावायची आजींची इच्छा होती, वास जावा म्हणून. बंद ड्रॉवरमध्ये तेलाच्या वार्निशचा वास महिनोन्‌महिने राहतो आणि तो कपड्यांना लागतो. त्याऐवजी ड्रॉवर उघडे ठेवून सावलीत हवा दिली, तळाला पॉलिएस्टरची पारदर्शक फिल्म घातली.

घरात बसवताना

उंच कपाट उभं राहिलं आणि दारं जुळेनात. उजवं दार वर 5 मिलिमीटर चढलेलं, कडा एकमेकींवर. सुताराने रंधा काढला होता. रंधा लावण्याआधी बैठकीवर पाणसळ धरली, तेव्हा जमीनच एका बाजूला 6 मिलिमीटर उतरती निघाली. उतरत्या बाजूच्या पुढच्या पायाखाली पाचर सारत गेल्यावर दोन्ही कडा हळूहळू एका रेषेत आल्या आणि कुलपाची जीभ आपोआप खाचेत बसली. दार रंधलं असतं, तर पुढे कपाट सपाट जमिनीवर गेल्यावर तिथे कायमची फट राहिली असती. जुन्या कपाटाचं दार लागेना, तर आधी जमीन पाहावी, मग बिजागऱ्यांचे स्क्रू, आणि अगदी शेवटी लाकूड.

दोन्ही कपाटं भिंतीला पट्ट्यांनी बांधली. ड्रॉवरचं कपाट यात जास्त धोक्याचं. दोन-तीन ड्रॉवर एकदम ओढले की वजन पुढे येतं, आणि मुलं ड्रॉवरची पायरी करून चढतात.

पहिल्या वर्षानंतर

तडा पुन्हा उघडला नाही. बुटक्या कपाटात उन्हाळ्यात काळा कागद पसरून ठेवला होता, त्यावर भुसा पडला नाही. भुंग्याचं जीवनचक्र काही वर्षांचं असतं, म्हणून हा कागद अजून काही उन्हाळे ठेवायचा आहे.

बिघाड दुसरीकडे झाला. उंच कपाट बाहेरच्या भिंतीला जेमतेम 1 सेंटीमीटर अंतरावर होतं. दमट दिवसांत पाठीच्या खालच्या भागावर बुरशीचा पट्टा आला. खोलीत आर्द्रता 58 टक्के असताना कपाटामागे 74 टक्के भरली. अंतर 5 सेंटीमीटर केलं, तळाशी हवा खेळती ठेवली, आणि मागचं माप 62 वर आलं.

वेगळं काय करता आलं असतं

हँगर लावलेला एक कोट पहिल्याच भेटीत बरोबर न्यायला हवा होता. आतल्या खोलीचा पेच खरेदीनंतर कळला. सुटी चौकट जमली ती रुंदी पुरेशी होती म्हणून. अरुंद कपाट असतं तर हा उपायही हाती उरला नसता.

किडीचं कपाट शीतगृहात जाण्याआधी काही दिवस घराच्या ओट्यावर, दुसऱ्या लाकडी बाकाला लागून ठेवलं होतं. ते थेट विक्रेत्याकडून उपचाराला जायला हवं होतं. आता त्या बाकाखालीही काळा कागद आहे.

आर्द्रतामापक बुरशी दिसल्यावर आणला. तो कपाट बसवायच्या आधी त्या भिंतीपाशी ठेवला असता, तर जागाच बदलता आली असती.

बुटक्या कपाटाचा चौथा ड्रॉवर दमट दिवसांत अजून अडतो. तो लगेच रंधायचा नाही असं ठरलं आहे. जिथे घासतो तिथे पेन्सिलची खूण केली आहे, खालच्या पट्ट्यांना मेणबत्ती चोळली आहे. कोरड्या दिवसांतही त्याच खुणेवर अडला, तर दोष पट्ट्यांच्या झिजेचा. मग झिजलेल्या जागी लाकडाची पातळ पट्टी सरसाने बसवायची, ड्रॉवरच्या बाजूंना हात लावायचा नाही.